दिवस उलटल्यावर

ऑक्टोबर १८१७ संपत आलाय. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या एशर गावाबाहेर टेकाडावर एक वाडा आहे, क्लेअरमाँट. त्याच्या दर्शनी खांबांखाली तू उभी आहेस. पावलं सुजलेली, एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली. तुझी तारीख उलटून गेलीय. पुण्यातल्या तुझ्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी बॅग घेऊन यायला सांगितलंय. तोवर आपोआप कळा आल्या नाहीत तर औषध देऊन आणायच्या.

तुला ते नकोय. मावसबहिणीला सलाईन लावलं, दिवसभर तिने कळा सोसल्या आणि शेवटी सिझरच झालं, हे तू ऐकलंयस. तुला वाटतं, बाळ आपलं आपण येईल, उगाच कशाला घाई? यात हट्टीपणा नाही, खुळेपणाही नाही. फक्त, ज्या घरात सगळ्यांनी नुसती वाट पाहिली ते घर एकदा आतून बघून घे. म्हणून तुला इथवर आणलं.

या वाड्याच्या विटांत आपल्याकडचाही पैसा आहे. प्लासीनंतर बंगालमधून गडगंज होऊन परतलेल्या रॉबर्ट क्लाइव्हने इथलं जुनं घर पाडून हा बांधून घेतला आणि नीट राहायच्या आत १७७४ साली तो मेला. गेल्या वर्षी, १८१६ मध्ये, राजकन्या शार्लट आणि तिचा नवरा लिओपोल्ड यांच्या संसारासाठी तो खरेदी झाला.

आत ये. तू कोणाला दिसत नाहीस. लाकडाचा धूर, मेणबत्त्यांचं मेण आणि तैलरंगांचा वास येतोय, कारण टॉमस लॉरेन्स हा चित्रकार याच महिन्यात इथे राहून तिचं चित्र रंगवत होता. शार्लट खुर्चीत बसलीय, आणि एकवीस वर्षांच्या त्या पोरीला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, अगदी तुझ्यासारखाच. तिच्या आजोबांना, तिसऱ्या जॉर्जला, पोरंबाळं भरपूर, पण कायदेशीर नातवंड ही एकटीच. म्हणून हिला मुलगा होणार की मुलगी यावर लंडनमध्ये पैजा लागल्यात. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती १९ ऑक्टोबर. ती केव्हाच गेली.

ती तारीख काढली कशी? जशी तुझ्या आजीने काढली असती तशी, शेवटच्या पाळीपासून मोजून. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हिशेबही जवळपास तोच: पाळीच्या पहिल्या दिवसातून तीन महिने मागे जायचं आणि सात दिवस पुढे, म्हणजे २८० दिवस. पाळी लांबली असेल, बीज उशिरा सुटलं असेल, तर हिशेब आठवडा-दोन आठवडे सहज चुकतो, आणि १८१७ साली तो तपासायला दुसरं काहीच नाही. तुझं तसं नाही. तिसऱ्या महिन्यात तुझी सोनोग्राफी झाली तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत बाळाची लांबी मोजली होती, आणि त्या मापावरून काढलेली तारीख फार तर काही दिवसांनी इकडेतिकडे होते. सासूबाई म्हणतात ना, "तारीखच चुकली असेल, आमच्या वेळी असंच व्हायचं"? त्यांच्या वेळी खरंच तसं व्हायचं. तुझ्या फाइलमध्ये तो रिपोर्ट आहे, काढून बघ.

आता सर रिचर्ड क्रॉफ्टकडे बघ, खिडकीपाशी उभा आहे तो. बड्या घरांतली बाळंतपणं करणारा लंडनमधला नावाजलेला डॉक्टर. त्याचे सासरे टॉमस डेनमन यांच्या ग्रंथावर इंग्लंडमधल्या डॉक्टरांची एक पिढी शिकली, आणि त्यांची शिकवण अशी की बाळंतपणात होता होईल तो हात घालू नये, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं. ती शिकवण मुळात चांगल्या हेतूने आलेली. त्याआधी चिमट्याने ओढाओढ करून कितीतरी बायकांची चिरफाड झाली होती. म्हणजे हा माणूस तुझ्याच बाजूचा आहे. घाई करणाऱ्यातला नाही.

पण ऑगस्टपासून याने काय चालवलंय तेही बघ. बाळ फार मोठं होऊ नये म्हणून शार्लटचं खाणं तोडलंय, आणि मधूनमधून तिची शीर कापून रक्त काढतात. तुझ्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन वाढावं म्हणून महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या खायला लावल्या; इथे पोटुशी बाईच्या दंडाखाली वाटी धरलेली. लिओपोल्डचा स्वतःचा डॉक्टर, श्टॉकमार, हे सगळं बघून चकित झालाय. पण तो परका, जर्मन. काही वाईट झालं तर खापर आपल्या डोक्यावर फुटेल हे ओळखून तो या उपचारांपासून लांब राहिलाय. खोलीत ज्याला थोडं वेगळं दिसत होतं, तोच बाहेर.

रविवार, २ नोव्हेंबर. शार्लट नवऱ्याबरोबर नेहमीसारखी गाडीतून फिरायला निघते. तूही बस मागे. ओल्या पानांवरून चाकं जातात, गाडी हादरते आणि तू मनातल्या मनात म्हणतेस, आता तरी. तुझ्या आठवड्याभराच्या फेऱ्या आठवतात तुला, अननस खा म्हणणारी वहिनी आठवते, आणि एरंडेल घ्यायला सांगणारी शेजारची काकू. चालणं चांगलंच आहे, मनालाही बरं. एरंडेल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. त्याने आतडी खवळतात, जुलाब-उलट्यांनी ऐन बाळंतपणाच्या तोंडावर अंगातली शक्ती जाते, आणि कळा येतीलच याची खात्री नाही.

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास शार्लटचं पाणी फुटतं. आणलेल्या कळा नाहीत, आपोआप आलेल्या. तुला हवं होतं तेच झालं.

रात्रीतून माणसं दौडत जातात आणि लंडनहून मंत्री, धर्मगुरू येऊन पोचतात. गादीच्या वारसाच्या जन्माला साक्षीदार लागतात. ते शेजारच्या खोलीत बसून राहतात. आत शार्लट लिओपोल्डच्या दंडाला धरून फेऱ्या घालतेय. खायला द्यायला क्रॉफ्टची मनाई. तू तिच्या पाठीमागून चाल, मग तुला दिसेल: कळ येते, तिची बोटं नवऱ्याच्या बाहीत रुततात, आणि मग कळ मध्येच विरून जाते. पुढची बऱ्याच वेळाने. मंगळवारचा सगळा दिवस असाच. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायला २६ तास लागतात. मंगळवारी रात्री जोर द्यायची वेळ येते तेव्हा दिवसभराची उपाशी, महिनोन्महिने रक्त काढलेली पोर जोर आणणार कुठून?

जॉन सिम्स नावाच्या दुसऱ्या डॉक्टरला निरोप जातो. बुधवारी पहाटे तो पोचतो, आणि क्रॉफ्ट त्याला शार्लटच्या खोलीत येऊच देत नाही. चिमटा घरात आहे. कोणी काढत नाही. अजून थोडं बघू, अजून थोडं.

बुधवार, ५ नोव्हेंबर, दुपार. इथे जरा थांब. शार्लटच्या अंगाखालचं फडकं बदलताहेत, त्याच्याकडे बघ. पांढऱ्या कापडावर गडद हिरवा ओघळ. तुला प्रसूतीच्या वर्गात हे शिकवलंय, त्यामुळे तुझ्या पोटात खड्डा पडतो. बाळाने आत शी केलीय. कधी कधी हे पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाचंही होतं, दिवस उलटून गेल्यावर तर जास्तच. पण इतक्या लांबलेल्या बाळंतपणात तो बाळाकडून आलेला निरोप असतो. आज असं पाणी दिसलं तर सिस्टर पहिल्यांदा एकच गोष्ट करते, बाळाचे ठोके लावते. इथे कोणी ठोके ऐकत नाही.

आणि ते क्रूर म्हणून नाही. पोटातल्या बाळाचे ठोके बाहेरून ऐकू येतात हेच अजून डॉक्टरांना माहीत नाही. पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली त्याला जेमतेम वर्ष झालंय. जिनिव्हाचा मेयर नावाचा सर्जन गर्भार बाईच्या पोटाला कान लावून बाळाचं हृदय ऐकू येतं असं जगाला सांगणार आहे, ते १८१८ मध्ये. पुढच्या वर्षी! तुला आत्ता धावत जाऊन तिच्या पोटाशी कान न्यावासा वाटतोय ना? मलाही हा प्रसंग वाचताना दरवेळी तसंच वाटतं.

त्याच दिवशी पुण्यात काय चाललंय, ठाऊक आहे? आपलं घड्याळ इथल्यापेक्षा सुमारे पाच तास पुढे. क्लेअरमाँटला दुपार म्हणजे पुण्यात कलत्या उन्हाची वेळ, आणि खडकीच्या माळावर बापू गोखल्यांची फौज इंग्रजांशी भिडलीय. दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघतोय. संगमावरची एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी जळतेय. बाराव्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागेल. ज्या गादीसाठी इंग्रज लढताहेत, त्या गादीचा वारस त्याच तासाला इथे गुदमरतोय, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

रात्री नऊला बाळ येतं. मुलगा, वजन नऊ पौंड, म्हणजे चार किलोच्या वर. हालचाल नाही. त्याला शुद्धीवर आणायची धडपड होते, व्यर्थ जाते. बाहेरचे साक्षीदार त्याला बघतात, देखणा आहे म्हणतात आणि आईची तब्येत ठीक आहे असं ऐकून घरी जातात. वार आतच अडकलेली, ती हात घालून काढावी लागते. शार्लट शांत आहे, थोडं खातेसुद्धा. दमलेला लिओपोल्ड झोपायला जातो. मध्यरात्रीनंतर तिला ओकाऱ्या सुरू होतात, अंग गार पडतं, श्वास लागतो. पहाटे अडीचला ती जाते.

तू बाहेर पड आता, बागेत ये. इथे बसून रडलीस तरी चालेल.

पुढचं थोडक्यात सांगते. देशभर इतकं सुतक पाळलं गेलं की दुकानांतलं काळं कापड संपलं. क्रॉफ्टने फेब्रुवारी १८१८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. आई, बाळ आणि डॉक्टर असे तीन बळी, म्हणून १९५१ साली अर्डली हॉलंड या प्रसूतितज्ज्ञाने या प्रकरणावर लेख लिहिला तेव्हा त्याला तिहेरी शोकांतिका म्हटलं. राजाच्या इतर मुलांनी वारस हवा म्हणून घाईघाईने लग्नं केली, आणि त्यातल्या एकाला मे १८१९ मध्ये जी मुलगी झाली ती व्हिक्टोरिया, पुढे आपल्या डोक्यावर बसलेली सम्राज्ञी.

क्रॉफ्ट थांबला म्हणून हे घडलं, असं मी म्हणणार नाही. कळा लवकर आणल्या असत्या तर शार्लट वाचली असती, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याला कळा आणायची एक रीत माहीत असणार: आईची कटी अरुंद असेल तर दिवस भरायच्या आधीच पाणमोट फोडून कळा आणाव्यात, हे १७५६च्या सुमारास लंडनच्या डॉक्टरांनी मिळून मान्य केलं होतं आणि डेनमननेच ते लिहून ठेवलंय. पण उलटलेल्या दिवसांसाठी ते कोणी करत नव्हतं. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. या घरात दोन आठवडे थांबले आणि मग आणखी पन्नास तास थांबले, पण त्या सगळ्या वेळात बाळ कसं आहे हे एकदाही विचारलं गेलं नाही, कारण विचारायची सोयच नव्हती. तुला ती सोय आहे. तू थांबशील ते थांबणं वेगळं असू शकतं.

तसंच तुला ज्या सलाईनची धास्ती वाटते, तेही आज जे आहे ते व्हायला दीडशे वर्षं लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्सने १८०८ मध्ये एक पत्र छापलं: राय या धान्यावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची, अर्गटची, पूड दिली की कळा धडाधड येतात. येत होत्याच. पण एकदा दिलं की थांबवता येत नसे, गर्भाशय आवळलेलंच राही, आणि त्यात बाळं गेली, गर्भाशयं फाटली. १९०६ मध्ये लंडनच्या हेन्री डेलला अर्गटवरच काम करताना दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेलने १९०९ मध्ये तो अर्क बायकांना दिल्याचं लिहिलं. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट दु विग्नोने ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं, आणि दोन वर्षांनी त्याला नोबेल मिळालं. आज तुझ्या शिरेत थेंबाथेंबाने जाईल ते तुझ्याच शरीरात तयार होणाऱ्या ऑक्सिटोसिनची हुबेहूब प्रत असेल. कळा जास्त झाल्या तर नळी बंद करतात आणि काही मिनिटांत जोर ओसरू लागतो. अर्गटच्या काळातल्या बाईला हे मिळालं असतं तर!

मावसबहिणीचं काय झालं असेल तेही सांगते, कारण तिची गोष्ट तुझ्या डोक्यात घर करून बसलीय. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बिशपने एक मोजमाप दिलं. पिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, पुढे आलंय की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. गुण चांगले असले तर कळा आणणं सोपं जातं. कडक, बंद तोंडावर नुसतं सलाईन लावलं तर बाई दिवसभर सोसते आणि घोडं तिथेच राहतं. म्हणून तोंड तयार नसेल तेव्हा आधी जेल किंवा गोळी ठेवून, नाहीतर फुगा असलेली फोलीची नळी घालून ते मऊ करतात, आणि त्याला एक दिवस, कधी जास्तही लागतो. तो वेळ न देता हार मानली तर सिझर ठरलेलंच. आधी एखादं सिझर झालेलं असेल तर यातल्या काही गोळ्या वापरतच नाहीत, हेही लक्षात ठेव.

आता ये परत, शनिवारच्या ओपीडीत. तुझा नंबर यायला अवकाश आहे, तोवर प्रश्न कागदावर लिहून काढ. बिशप स्कोअर किती आहे? बाळाभोवती पाणी किती आहे? बोटाने पडदा सुटा करून बघता येईल का? याला स्वीपिंग म्हणतात, दुखतं, थोडं रक्तही जातं, पण त्याने आपोआप कळा सुरू व्हायची शक्यता वाढते, आणि तुला हवंय ते हेच. अजून थांबायचं तर एनएसटी, म्हणजे मशीनवर बाळाचे ठोके बघायची तपासणी, किती दिवसांनी?

उत्तरं ऐकताना हेही माहीत असू दे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवस नक्की माहीत असतील आणि ४१ आठवडे पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात. त्याआधी, सगळं ठीक असताना, उगाच आणू नयेत. तुझे डॉक्टर चाळिसाव्या आठवड्यातच अडून बसले असते आणि बीपी, साखर, पाणी, बाळाची वाढ यात काही खोट नसती, तर कारण विचारायचा तुला पूर्ण हक्क होता. घरच्यांना अमावस्या टाळायचीय किंवा मुहूर्त साधायचाय, हे तर कारणच नव्हे. पण एक्केचाळीसनंतर वार थकत जाते आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका, अगदी लहान असला तरी, वाढत जातो. स्वीडनमध्ये सुमारे २,७६० बायकांचा अभ्यास झाला. अर्ध्याजणींना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, अर्ध्याजणी ४२ पर्यंत थांबल्या. थांबलेल्यांत सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ३४ अभ्यासांची बेरीज आहे: एक बाळ वाचवायला साधारण ५४४ जणींना कळा आणाव्या लागतात. म्हणजे थांबणाऱ्या बहुतेकींचं काहीच बिघडत नाही, हेही खरं. आणि कळा आणल्याने सिझर वाढतात ही सगळ्यांची समजूत त्या आढाव्यात उलटी निघाली, सिझर थोडी कमीच झाली. सलाईनच्या कळा अनेकींना जास्त बोचतात, पोटाला पट्टा असल्याने मोकळं फिरता येत नाही. ते खोटं नाही, म्हणून वेदना कमी करायच्या उपायांबद्दलही आजच विचारून ठेव.

डॉक्टरांनी दोन-तीन दिवस आणखी दिले तर घे की आनंदाने. फीर, झोप, पोटभर जेव. मात्र बाळाच्या हालचालीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. दिवस भरत आले की बाळ हलायचं कमी होतं, हे जे बायका सांगतात ते ऐकू नकोस. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण ती मंदावता कामा नये. मंदावली, पाणी हिरवं गेलं किंवा रक्त गेलं, तर सोमवारची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी नवऱ्याला उठव, रिक्षा मिळत नसेल तर शेजारच्यांची गाडी माग, आणि निघताना हॉस्पिटलला फोन कर. "हालचाल कमी वाटतेय" एवढंच सांग, म्हणजे लेबर रूममधली सिस्टर मशीन लावून तयार राहील.